गळका पंच

“हेमांगी, तुम्हाला हे आकडे नक्की यंत्रानेच दिले होते ना?”

सोमवारची बैठक होती. आमचा सगळा गट लांब टेबलाभोवती बसला होता, पडद्यावर माझा आलेख होता, आणि हर्डीकर सर बिस्किट चहात बुडवून धरून माझ्याकडे बघत होते. बिस्किटाचा तुकडा कपात पडला तरी त्यांनी नजर हटवली नाही.

“म्हणजे काय, सर?” मी विचारलं.

“म्हणजे काही नाही. डिसेंबरात आले, आता येत नाहीत. उन्हाळ्यात रसायनशास्त्र बदलतं असं मी तरी ऐकलेलं नाही.”

कुणीतरी खुदकन हसलं. सर खूश असले की मला ‘तू’ म्हणायचे आणि चिडले की ‘तुम्ही’. मार्चभर मी ‘तुम्ही’च होते, त्याची सवय झाली होती. पण हा प्रश्न वेगळा होता. सरळ ‘तू आकडे मनाचे लिहिलेस’ असं म्हणाले असते तर मी सरळ भांडले असते. हुपरीची आहे मी, भांडायला लाजत नाही. या तिरक्या प्रश्नाला मात्र उत्तर काय द्यायचं? “यंत्रानेच दिले,” एवढं म्हणून मी खाली बसले. कान असे तापले होते की त्यांवर पापड भाजला असता.

आमचं काम सांगायला सोपं होतं. कारखान्यांच्या धुराड्यांतून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो क्षार घातलेल्या पाण्यात बुडबुड्यांनी सोडायचा, त्यात तांब्याची पट्टी बुडवायची, तिला वीज जोडायची, आणि त्या टाकाऊ वायूचं इथिलीन करायचं. इथिलीन म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल. एरवी तो खनिज तेलातून काढतात. आमचं जमलं तर धूरही कमी आणि तेलही वाचलं. तांबं हे काम करतं, पण लहरीपणाने. दिलेली वीज इथिलीनकडे न्यायची सोडून ते अर्ध्याहून जास्त वीज पाणी फोडण्यात घालवतं आणि आपल्या हाती हायड्रोजन ठेवतं. आता हायड्रोजन काय, शाळेतली पोरंसुद्धा टॉर्चचे दोन सेल लावून काढतात. त्याला पीएचडी लागत नाही.

तांब्याला वळण लावायचं तर त्यात दुसरा एखादा धातू मिसळायचा. तो कोणता, हाच सगळा खेळ. बाकीचे लोक पट्ट्या करून करून बघत. सर तसं करणाऱ्यांना ‘चाचपडे’ म्हणत. ते आधी संगणकावर गणित मांडत, कुठला अणू कुठे बसवला की काय होईल ते काढत, आणि मगच पट्टी करायला सांगत. “आपण उत्प्रेरक शोधत नाही, घडवतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उभा जन्म त्यांनी त्या वाक्यावर काढला होता. आमच्या वेळी त्यांच्या गणिताने जस्त सांगितलं होतं. तांब्यात चिमूटभर जस्त.

“म्हणजे पितळच की,” नदीम तेव्हा म्हणाला होता. नदीम मुकादम माझ्या शेजारच्या टेबलावर लोखंडाच्या गंजाचा अभ्यास करायचा. चिपळूणचा, जिभेला हाड नसलेला. “जपा हो. सरांचं पितळ उघडं पडेल एखाद दिवशी.”

पण डिसेंबरात त्या पट्टीने कमाल केली. निम्म्याहून कितीतरी जास्त वीज इथिलीनकडे गेली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेच. सरांनी ‘तू, तू’ करत सगळ्यांना पेढे वाटले. शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला. परीक्षक म्हणाले, छान आहे, पण नव्याने पट्ट्या करून पुन्हा दाखवा. मी जानेवारीत नव्या पट्ट्या केल्या. हायड्रोजन. फेब्रुवारीत केल्या. हायड्रोजन. डिसेंबरची जुनी पट्टी कपाटातून काढून लावली, तीही हायड्रोजनच द्यायला लागली.

माझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग त्यावर उभा होता. सर मे महिन्याअखेर निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या व्याख्यानात हाच उत्प्रेरक मिरवायचं त्यांनी ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर मला प्रबंधाची आणि व्याख्यानाची काळजी दुसऱ्या नंबरची होती. बैठकीतल्या त्या प्रश्नानंतर लोक माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागले होते. कुणी खोटारडी म्हणालं नाही. कुणी माझ्याकडे आकडे तपासायलाही मागितले नाहीत. ज्याच्यावर विश्वास उडाला त्याच्याकडे कोण कशाला काय मागेल?

मग मी स्वच्छतेच्या आणखीच मागे लागले. पाण्यात अशुद्धी असेल म्हणून पाणी बदललं. क्षार परदेशी मागवला. वायूचा सिलिंडर बदलला, नळ्या बदलल्या, काचेची भांडी आम्लात उकळून उकळून अशी लखलखीत केली की नदीम म्हणाला, “यात आता तांबंसुद्धा घालू नको, घाण होतील.” परिणाम शून्य. उलट जितकी स्वच्छता वाढली तितकं इथिलीन घटलं. घरी आई फोनवर विचारायची, “झालं का गं तुझं?” आणि मी तिच्यावर खेकसायचे. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

त्या स्वच्छतेतलं सर्वांत पहिलं काम मी परीक्षकांचं पत्र आल्या आल्या केलं होतं. आमच्या भांड्यात तांब्याच्या पट्टीशेजारी एक काचेची नळी बुडवलेली असते, जाड पेनाएवढी. तिला रेफरन्स इलेक्ट्रोड म्हणतात. तिच्या आत खाऱ्या पाण्यात चांदीची तार असते आणि टोकाला एक सच्छिद्र बूच. तिचं काम एवढंच, की पट्टीवर विजेचा नेमका किती दाब लागला आहे ते सांगायचं. क्रिकेटमधला पंच समजा. मैदानात उभं राहायचं, बघायचं, खेळायचं नाही. आमचा जुना पंच म्हातारा झाला होता, त्याचा आकडा जरा हलायचा. परीक्षकांसमोर कशाला लाज काढून घ्यायची, म्हणून मी हट्टाने नवा मागवला होता. जुना नदीमने उचलून नेला. गंजाला काय, तो कसाही चालतो.

एप्रिलमधल्या एका दुपारी तो नवा पंच माझ्या हातून निसटून बेसिनमध्ये आपटला आणि टोक फुटलं. मी मटकन स्टुलावर बसले. पट्टी तयार, पाणी तयार, वायू बुडबुडतोय, आणि हे असं.

“माझा घे,” नदीम म्हणाला. “तुझाच आहे तो.”

“तो हलतो.”

“हायड्रोजनच काढायचाय ना तुला? मग हलेना का!”

मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण घेतला. लावला. तासाभराने वायूचा नमुना तपासायच्या यंत्रात सोडला. त्या यंत्राच्या पडद्यावर एक रेघ सरकत असते आणि जो वायू निघेल त्याच्या जागी ती उंच उठते. इथिलीनच्या जागी गेले तीन महिने मुंगीच्या वारुळाएवढा उंचवटा यायचा. त्या दिवशी रेघ उठली ती उठतच राहिली आणि पडद्याच्या वरच्या काठाला जाऊन टेकली.

“अगं, आलं!” नदीम ओरडला.

मला आनंद झाला नाही. राग आला. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. मी तडकाफडकी वीज बंद केली, पट्टी चिमट्याने बाहेर काढली आणि खिडकीपाशी नेली. तांब्याच्या लालसर अंगावर राखाडी पांढुरकी साय धरली होती. जस्ताचा रंग असा नसतो. पण हा रंग मी ओळखत होते. अक्षर ओळखायच्या आधीपासून ओळखत होते.

आमच्या हुपरीत घरोघर चांदीचं काम चालतं. पैंजण, जोडवी, छल्ले. काकांच्या कारखान्यात घासताना भुशाबरोबर झडलेली चांदी वाया जाऊ देत नसत. ती आम्लात विरघळवायची आणि त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडून द्यायच्या. वीज नको, काही नको. पाण्यातली चांदी आपणहून तांब्यावर येऊन बसते, अशीच राखाडी, सायीसारखी. लहानपणी त्या टाकीत हात घालू नये म्हणून मी किती धपाटे खाल्ले होते. त्या वासाला, त्या काळ्या पडलेल्या बोटांना कंटाळून मी पुण्याला शिकायला आले, आणि इथे चांदी माझ्या मागोमाग येऊन भांड्यात बसली होती.

मी जुना पंच पुसून उजेडात धरला. टोकाच्या बुचाशेजारी केसाएवढी चीर होती. तारेची चांदी विरघळलेलं आतलं खारट पाणी तिच्यातून झिरपत होतं.

“पंचानेच बॅटिंग केली,” मी म्हणाले.

पुढचा आठवडा मी कुणाशी धड बोलले नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतून धडधाकट इलेक्ट्रोड मागून आणला. तो आणि जस्ताची पट्टी: हायड्रोजन. गळका आणि जस्ताची पट्टी: इथिलीन. मग साधं तांबं घेतलं, ज्यात जस्त नावालाही नाही, आणि गळका लावला. इथिलीन. तितकंच. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली नेली आणि त्या यंत्राने स्वच्छ सांगितलं, चांदी. डिसेंबरच्या जुन्या पट्टीवर एकही कण उरला नव्हता. कपाटात ठेवण्यापूर्वी मीच ती घासून पुसून स्वच्छ केली होती. हे कळलं तेव्हा मी एकटीच बसून स्वतःला दोन शिव्या हासडल्या.

म्हणजे मी खोटी नव्हते. पण मी खरी ठरायची तर सरांचं जस्त खोटं ठरत होतं. त्यांचं सगळ्यात गाजणारं घडवणं ही एक गळती होती.

सगळे आलेख घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. ते पुस्तकं खोक्यात भरत होते. मी एकेक आलेख टेबलावर मांडला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते पुन्हा पुन्हा बघितले.

“चांदी,” ते शेवटी म्हणाले. “चांदीवर कार्बन मोनॉक्साइड होतो. तो सरकून तांब्यावर येतो. तिथे दोन-दोन जुळून इथिलीन. बरोबर आहे. मला आधी सुचायला हवं होतं.” ते एकदम उभे राहिले. “हरकत नाही. मी गणित पुन्हा मांडतो. चांदी का चालते ते व्याख्यानापर्यंत दाखवून देतो. तू निबंध बदल. तांबं आणि चांदी, असं घडवलं म्हणू.”

“घडवलं कुठे, सर? सांडली.”

“अगं, सगळे तसंच लिहितात. आधी हाती लागतं, मग कारण सापडतं. लिहिताना क्रम उलटा करायचा. त्यात खोटं काय आहे? आकडे तर खरे आहेत ना?”

‘तू’ झाले होते मी पुन्हा. दोन महिने ज्या शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता तो इतक्या सहज मिळाला, आणि मला तो घशाखाली उतरेना.

“सर, तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, आकडे यंत्रानेच दिले का म्हणून. मी हो म्हणाले. आता कुणी मला विचारलं, ही चांदी तुम्ही विचार करून घातली का, तर काय म्हणू?”

सर खोक्याकडे वळले. “तुमचा प्रबंध अडकेल,” ते म्हणाले. धमकी नव्हती ती, पण मी पुन्हा ‘तुम्ही’ झाले होते. “आणि मला बोलायला एकच व्याख्यान उरलंय.”

बाहेर येऊन नदीमला सांगितलं तर त्याने हात जोडले. “बाई, गप्प बस. ते जातील घरी, तू पदवी घे. मग काय ढोल वाजवायचे ते वाजव.”

“आणि तोवर मी काय? बावीस जणांसमोर खोटारडी?”

“कोण म्हणालं?”

“कुणी म्हणालं नाही, हेच तर!”

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. स्टेजवर शाल, श्रीफळ, हार, सगळं तबकात मांडलेलं. सर सुरेख बोलले. बोलायचे ते नेहमीच सुरेख. शेवटी पडद्यावर तांबं आणि चांदी आली, शेजारी सरांचं नवं गणित, आणि त्याच्या खाली माझे आलेख. “केवळ विचाराने घडवलेला उत्प्रेरक,” सर म्हणाले. टाळ्या पडल्या. गणित चूक नव्हतं. उत्तर आधी माहीत असलं की गणित बरोबरच येतं.

मग शाल झाली, श्रीफळ झालं. सूत्रसंचालकाने माझं नाव घेतलं. गटातली सर्वांत जुनी विद्यार्थिनी म्हणून आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. आभारप्रदर्शन सुरू झालं की आपल्याकडे लोक चपला शोधायला लागतात. तशी चुळबुळ सुरू झाली. मी संचालकांचे आभार मानले, पाहुण्यांचे मानले, हार आणणाऱ्यांचे मानले, चहावाल्यांचे मानले. सरांचे मानले, आणि ते मनापासून मानले, कारण विचार करायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मग मी खांद्याच्या पिशवीतून ती काचेची नळी काढली.

“एकाचे राहिले,” मी म्हणाले. “हा आमचा जुना रेफरन्स इलेक्ट्रोड. याच्या टोकाला चीर आहे. आत्ता पडद्यावर जी चांदी बघितलीत, ती यातून गळली. आम्ही घातली नाही. आमच्या विचारात जस्त होतं, आणि जस्ताने काहीही केलं नाही. हा फुटका निघाला नसता तर आज दाखवायला काही नव्हतं. तेव्हा याचे आभार. आणि सर, तुम्ही विचारलं होतंत, आकडे यंत्रानेच दिले का. हो सर. यंत्रानेच दिले. धन्यवाद.”

चपला शोधणारे पाय थांबले. कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. पहिल्या रांगेत सर मांडीवर शाल नि नारळ घेऊन बसले होते, आणि त्यांचा चेहरा मला तिथून दिसत होता. तो बघवेना म्हणून मी खाली उतरले.

समोसे आणि चहाच्या टेबलाशी कुणी माझ्याजवळ आलं नाही. सर आले. शाल एका हातावर, नारळ दुसऱ्या हातात.

“चारचौघांत केलंत,” ते म्हणाले.

“तुम्ही विचारलंत तेही चारचौघांतच होतं, सर.”

नारळ कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. मग तो तसाच धरून जिना उतरून गेले. मला वाटलं, संपलं. प्रबंधही संपला आणि सरही संपले. हॉस्टेलवर जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. खरं बोलून झाल्यावर बरं वाटतं म्हणतात. मला काही बरंबिरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेतलं माझं सामान आवरत होते, तर दारात सर. गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला. निवृत्त माणसाला आत यायला फाटकावर सही करून तो घ्यावा लागतो.

“साधं तांबं आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे, सर.”

“आणि तो गळका?”

मी पिशवीतून काढून दिला. सरांनी बाह्या दुमडल्या. मी त्या प्रयोगशाळेत आल्यापासून त्यांना भांड्याला हात लावताना बघितलं नव्हतं. ते गणिताचे. पट्टी दोनदा चिमट्यातून सुटली. मी पुढे झाले तर म्हणाले, “राहू दे. मी करतो.” पाणी त्यांनी भरलं, वायू त्यांनी सोडला, जुना पंच त्यांनी लावला, आणि मग तासभर भांड्यातले बुडबुडे बघत स्टुलावर बसून राहिले. नदीम आला, आमच्याकडे बघितलं आणि आल्या पावली परत गेला.

नमुना तपासायच्या आधी यंत्र विचारतं, प्रयोग कुणी केला. तिथे गेली चार वर्षं माझंच नाव असायचं. सरांनी माझं नाव पुसलं. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

रेघ सरकत सरकत इथिलीनच्या जागी आली, उठली, आणि वरच्या काठाला जाऊन टेकली.

सर माझ्याकडे वळले.

“आता हा आकडा माझ्या नावावर आहे,” ते म्हणाले. “परीक्षकांना हाच पाठव. चीर, गळती, जस्त, सगळं लिही. आणि आकडे यंत्रानेच दिले का असं कुणी विचारलंच, तर त्यांना म्हणावं, हर्डीकरांना विचारा.”

माझे डोळे भरून आले, आणि त्याचाही मला रागच आला. हे एवढं वाक्य मार्चमध्ये बोलता आलं असतं. मी नाक पुसलं.

“सरका, सर,” मी म्हणाले. “पट्टी काढायला हवी. जास्त वेळ राहिली की चांदी फार बसते.”

सर स्टूल घेऊन बाजूला सरकले.